फाटक उचललं म्हणजे हद्द गेली का?

"काका, युरोपात बॉर्डरच नाहीत हो!" हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय, की समोरच्याने 'युरोप' म्हटलं की पुढचं मीच म्हणून टाकतो. कोणी बसच्या टूरने जाऊन आलेलं असतं, कोणी रेल्वेने. आमचे दादा-वहिनी जर्मनीला मुलाकडे गेले, तेव्हा पुतण्याने मोटरहोम भाड्याने घेऊन त्यांना फिरवलं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायला पलंग, ओटा, गॅस, न्हाणी, सगळं. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड करून गाडी परत. पासलीला आल्यावर त्यांनी जे सांगितलं त्याचं सार असं, की निळ्या पाटीवर देशाचं नाव बदलतं, फोनवर मेसेज येतो, आणि आपण दुसऱ्या देशात! मग तो ठरलेला उसासा: "नाहीतर आपल्याकडे!"

मला या उसाशाबद्दल बोलायचंय. नातेवाईक मंडळी हे वाचणारच आहेत, तेव्हा आधीच सांगतो, राग मानू नका. माझं भांडण तुमच्या प्रवासाशी नाही, तुम्ही काढलेल्या निष्कर्षाशी आहे.

माझं म्हणणं साधं आहे. हद्द फाटकाने होत नाही, अविश्वासाने होते. एकाने दिलेला कागद दुसऱ्याने मानला की हद्द गेली. मानला नाही, तर फाटक नसलं तरी ती आहेच. या मापाने मोजलं तर युरोपातल्या हद्दी तुम्ही सांगता तितक्या गेलेल्या नाहीत. आणि आपण मात्र, ज्या हद्दी मोठ्या कष्टाने पुसल्या, त्या नव्याने आखायला बसलो आहोत. हे दुसरं मला जास्त लागतं.

आधी त्यांचं श्रेय त्यांना देऊ. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक छोटं गाव. फ्रान्स आणि जर्मनीच्या हद्दी तिथे लक्झेंबर्गला भिडतात. १४ जून १९८५ रोजी तिथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला: बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि तेव्हाचं पश्चिम जर्मनी. प्रत्यक्षात तपासणी बंद व्हायला २६ मार्च १९९५ उजाडला. आज या व्यवस्थेत २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये आत आला, रुमानिया आणि बल्गेरियाच्या रस्त्यावरची तपासणी १ जानेवारी २०२५ पासून गेली. ज्या देशांनी तीस वर्षांत दोन महायुद्धं करून एकमेकांची शहरं बेचिराख केली, ते आज शेजाऱ्याच्या गाडीची नंबरप्लेट बघून मान वळवत नाहीत. ही साधी गोष्ट नव्हे. मी वर्गात दुसरं महायुद्ध शिकवलं आहे, मला त्याची किंमत कळते.

पण यात युक्ती काय आहे ते बघा. त्यांनी फाटकं फेकून दिली नाहीत, घराच्या आतल्या दारांची काढून वाड्याच्या बाहेरच्या दरवाजाला लावली. एका देशाने दिलेला व्हिसा बाकी सगळे मानतात. कोणाला आत घ्यायचं नाही त्याची नोंद सगळ्यांच्या संगणकावर एकच. म्हणजे अविश्वास संपला नाही, तो आतून काढून बाहेरच्यांसाठी राखून ठेवला.

आणि बाहेरचे कोण? आपण!

दादा-वहिनींनी जो भाग सांगितला नाही, तो मी सांगतो, कारण तो मी पाहिलाय. त्यांची सरहद्द त्या निळ्या पाटीपाशी नव्हतीच. ती मुंबईतल्या एका कचेरीच्या खिडकीवर होती, आणि ती ओलांडायला त्यांना दोन महिने लागले. बँकेचा हिशोब, पेन्शनचे कागद, मुलाचं निमंत्रण, जाण्यायेण्याची तिकिटं, ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा, माणशी ९० युरो फी. (नाकारलं तरी ही फी परत मिळत नाही.) वर प्रश्न, की तुम्ही परत याल कशावरून? सत्तरी ओलांडलेल्या बाईला! वहिनी म्हणाल्या, "म्हैस व्यायला झालीय, हा पुरावा चालेल का?" आम्ही हसलो. पण त्यांना विचारायचं होतं ते खरंच होतं. माणूस आपल्या गावाला कशाने बांधलेला असतो, याचं उत्तर त्या फॉर्ममध्ये लिहायला जागा नाही.

मग बोटांचे ठसे. चाळीस-पन्नास वर्षं भाताच्या खाचरात आणि चुलीपुढे राबलेली बोटं ती. रेषा झिजलेल्या. यंत्र काही ते ठसे घेईना. पुसून, दाबून, पुन्हा पुन्हा. मागे रांग. खिडकीतली मुलगी कंटाळलेली. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण बाहेर आल्यावर हात पदराखाली धरून बसल्या. पुढे ठसे उमटले, व्हिसा मिळाला, सगळं छान झालं. पण 'बॉर्डर नाही' असं म्हणताना हा दिवस वगळायचा नसतो.

बरं, आतली दारं तरी कायमची गेली का? तेही नाही. २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा ऑस्ट्रियाने आपल्या दक्षिण आणि पूर्व सरहद्दीवर तपासणी सुरू केली. त्याच वर्षी पॅरिसच्या हल्ल्यांच्या सुमारास फ्रान्सने केली. २०२० च्या करोनात जर्मनीचं कोन्स्टान्स आणि स्वित्झर्लंडचं क्रॉयत्सलिंगेन या जुळ्या गावांच्या मधे जाळीचं कुंपण उभं राहिलं, आणि नवरा-बायको, प्रेमी माणसं जाळीच्या दोन बाजूंनी बोटं धरून बसू लागली. म्हणून मग दुसरं कुंपण घातलं, बोटंही पोचू नयेत इतक्या अंतरावर! १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने जमिनीवरच्या सगळ्याच सरहद्दींवर तपासणी सुरू केली आणि पुढे मुदती वाढवल्या. बाहेरून येणाऱ्यांसाठी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी पद्धत आली आहे. पासपोर्टवर शिक्का मारायचा नाही, चेहरा आणि ठसे यांवरून आल्या-गेल्याची नोंद संगणकातच. १८० दिवसांत ९० पेक्षा एक दिवस जास्त झाला की तो बरोबर दाखवणार.

आमच्या पुतण्याचीच गोष्ट घ्या. मोटरहोम एका सरहद्दीवर आली तेव्हा पोलीस सगळ्यांना थांबवत नव्हते, बघून ठरवत होते. पुढच्या दोन पांढऱ्या मोटरहोम हात दाखवून सोडल्या, यांची बाजूला घेतली. तशीच पांढरी, त्याच कंपनीची, त्याच देशाच्या नंबरची. फरक काचेतून दिसणाऱ्या चेहऱ्यांचा. पासपोर्ट पाहिले, पाच मिनिटांत सोडलं, 'गुड जर्नी' म्हणाले. पुतण्या म्हणाला, "नेहमीचंच आहे काका, त्यात काय!" हे 'नेहमीचंच आहे' मला त्या तपासणीपेक्षा जास्त बोचलं.

तेव्हा दुरून डोंगर साजरे. इथवर माझ्याशी सहमत होऊन काही ब्लॉगवाले मित्र खूश झाले असतील, की बघा, गोऱ्यांचं पितळ उघडं पाडलं. थांबा मंडळी. आता 'आपल्याकडे'चं बघू.

मी जिथे बसून हे लिहितोय त्या पासलीहून रस्ता पुढे केळदला जातो. केळदच्या टोकाला सह्याद्रीचा कडा, तिथून मढे घाट खाली कर्णवाडीला, महाडकडे उतरतो. पावसाळ्यात धबधबा बघायला तुम्ही सगळे जिथे येता तोच. १९४८ च्या मार्चपर्यंत त्या कड्यावर एक सरहद्द होती. अलीकडे भोर संस्थान, पंतसचिवांचं राज्य. आमचा मुलूख त्यांच्या प्रचंडगड तालुक्यात. (प्रचंडगड म्हणजे तोरणा.) पलीकडे कुलाबा जिल्हा, इंग्रजांचा. घाट उतरला की राज्य बदलायचं, कायदा बदलायचा, कोर्ट आणि पोलीस बदलायचे. सोयरीक मात्र दोन्हीकडे. मीठ कोकणातून वर चढायचं, माणसं देशावरून खाली उतरायची.

८ मार्च १९४८ रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच वेळी फलटण, औंध, सांगली, मिरज. पुढच्या वर्षी १ मार्चला कोल्हापूर. औंधसारख्या संस्थानाचे तुकडे तर असे विखुरलेले, की नकाशा काढायला घेतला तर पोरं रडावीत. देशभरात अशी साडेपाचशेच्या वर संस्थानं. ती मोडून एक देश करायला आपल्याला दोन-तीन वर्षं लागली. शेंगेनच्या बोटीच्या सदतीस वर्षं आधी! भोरच्या राजाच्या प्रजेला इंग्रजी मुलखातल्या माणसाच्या बरोबरीने एकच नागरिकत्व मिळालं. तुमच्यापैकी किती जणांना ही तारीख माहीत होती? शेंगेनचं नाव माहीत आहे, ८ मार्च १९४८ माहीत नाही. याला मी काय म्हणू?

गोव्याचं तसंच. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही निःशस्त्र चालत हद्द ओलांडायला गेले आणि बांद्याजवळच्या पत्रादेवीला पोर्तुगीजांच्या गोळ्या खाऊन पडले. माहेर सावंतवाडीत आणि सासर पेडण्यात असलेल्या बायकांना परवान्याशिवाय आईला भेटता येईना. १९ डिसेंबर १९६१ ला ती सरहद्द गेली. आज त्या जागेवरून तुमची गाडी ऐंशीच्या वेगाने जाते आणि मागच्या सीटवरच्या पोराला डोकंसुद्धा वर करावंसं वाटत नाही. खरं म्हणजे हेच यश. ज्यासाठी माणसं मेली ती गोष्ट इतकी सवयीची झाली की दिसेनाशी झाली.

अलीकडचंही घ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके उठले, मुंबईची जकात गेली. ट्रक रात्र रात्र रांगेत उभे असायचे, ते पुढे निघाले. त्या कराबद्दल व्यापाऱ्यांच्या शंभर तक्रारी असतील, पण नाके उठले हे चांगलंच झालं.

मग उसासा कसला? 'नाहीतर आपल्याकडे' म्हणणाऱ्यांना मी हे सगळं ऐकवतो. पण ऐकवताना माझाच आवाज बारीक होतो. कारण आज आपण काय करतोय ते मला दिसतं.

पहिली गोष्ट गाडीची. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४६. त्यात स्वच्छ लिहिलंय, की एका राज्यात झालेली नोंदणी साऱ्या भारतात ग्राह्य. वाचून ऊर भरून येतो. आणि पुढचंच कलम ४७ म्हणतं, की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्या. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं. रस्ता-कर राज्यांचा. नोंदणी करताना पंधरा वर्षांचा एकदम भरलेला. तो नव्या राज्यात पुन्हा भरायचा, आणि जुन्या राज्याकडून उरलेला परत मिळावा म्हणून अर्ज करायचा. आधी एनओसी, मग पोलिसांचा दाखला, मग आणखी काय काय. २०१४ साली कर्नाटकाने तर कायदा बदलून बारा महिन्यांचे तीस दिवस केले होते. २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली, हे बरं झालं.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठी एका शेजारच्या राज्यात गेला. तिथल्या एका अधिकाऱ्याने त्याची गाडी अडवली. गाडी आणून चार महिने झालेले, तशी पावती त्याच्याकडे होती. "पावती तुमच्या राज्याची आहे," असं उत्तर मिळालं. हा मुलगा भारताचा नागरिक, गाडी भारतात बनलेली, कायदा भारताच्या संसदेचा. पण कागद 'तुमच्या राज्याचा'. हद्द म्हणतात ती हीच!

सरकारला हे कळत नाही असं नाही. १५ सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' म्हणजे भारत मालिकेचे नंबर सुरू झाले. या गाडीला राज्य बदललं तरी नवा नंबर लागत नाही, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. उत्तम! पण तो नंबर मिळतो कोणाला? सरकारी नोकरांना, सैन्यातल्यांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांना. शेतकऱ्याला नाही. दुकानदाराला नाही. फिरतं वर्कशॉप घेऊन गावोगाव जाणाऱ्या मिस्त्रीला नाही. म्हणजे गाडीवर 'भारत' लिहायचं तर मोठ्या कचेरीचं ओळखपत्र हवं, बाकीच्यांनी आपापल्या राज्यात राहावं. याच्या जोडीला महाराष्ट्र सरकारने २०२१ सालीच कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, चाकांवरच्या घरातून हिंडा म्हणून. हिंडू की. पण हद्दीवर काय विचारतील?

दुसरी गोष्ट जास्त वाईट. ती कायद्यात नाही, आपल्या मनात आहे. ६ डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगड पडले. मग इकडे कर्नाटकाच्या बसना काळं फासलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून एका कंडक्टरला मारहाण झाली, मग इकडे-तिकडे बसवर हल्ले झाले आणि दोन्हीकडच्या एसट्या काही दिवस हद्दीपाशी थांबल्या. जर्मन गाडीवर फ्रान्समध्ये कोणी दगड मारत नाही, आणि त्यांच्यात तर लाखो मुडदे पडलेले. आपल्यात काय पडलंय?

इथे मला कोणी मराठीद्वेष्टा म्हणू नये म्हणून सांगतो. मी मराठी माध्यमात शिकलो, मराठी घेऊन बी.ए. झालो, सारी हयात मराठी शाळेत शिकवलं. बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसावर अन्याय झाला असंच मी मानतो. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल मला पटत नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तो नेटाने लढवावा. तिथल्या माणसाला सातबाऱ्यापासून शाळेपर्यंत मराठी मिळावी यासाठी हवं तेवढं भांडावं. पण ड्रायव्हर म्हणजे सरकार नव्हे, आणि एसटी म्हणजे सीमाप्रश्न नव्हे. बस बंद झाली की अडकतो कोण? दवाखान्याला निघालेली बेळगावची मराठी म्हातारीच ना? ज्याच्यासाठी भांडायचं त्याचीच वाट अडवायची, हे कुठलं शहाणपण?

आणि 'ते लोक' म्हणून बोट दाखवायचीही सोय नाही. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या गावागावांनी वेशीवर काट्या-दगड टाकून रस्ते बंद केले. अडवलं कोणाला? मुंबई-पुण्याहून चालत, लपत घरी निघालेल्या आपल्याच पोरांना. रोगाची भीती खरी होती, काळजी घ्यायलाच हवी होती. त्यांना शाळेत चौदा दिवस ठेवून जेवायला घालणारी गावंही होती. पण काट्या टाकणारीही होती, आणि तिथे कोणी आधार कार्ड मागितलं नाही, चेहराच बघितला. आजही पावसाळ्यात मढे घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांचा एमएच १२ किंवा एमएच ०१ बघून आमच्याकडे जे शेरे मारले जातात ते मी ऐकतो. दारूच्या बाटल्या फेकणाऱ्याला जरूर बोला. पण नंबर बघून माणूस ठरवायचा, तर पुतण्याची गाडी बाजूला घेणाऱ्या पोलिसात आणि आपल्यात फरक उरला कुठे?

"अहो गुरुजी, पण राज्यांचं उत्पन्न बुडेल त्याचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. उत्तर युरोपातच आहे, आणि ते दादा-वहिनींनी गाडीच्या काचेवर चिकटवलेलं होतं. ऑस्ट्रियाच्या मोठ्या रस्त्यांवर जायचं तर दहा दिवसांचं स्टिकर मिळतं. स्वित्झर्लंडचं वर्षाचं, ४० फ्रँकचं. जितके दिवस वापरलं तितकं भरा. गाडी कोणाची, मालक कोणत्या मुलखातला, याच्याशी देणंघेणं नाही. आपल्याकडे तर टोलला फास्टॅग आहे, गाडी कुठून कुठे गेली ते क्षणात कळतं. ज्या राज्यात गाडी जितके महिने राहिली तितका कराचा वाटा त्या राज्याला सरकारांनी आपसात वळता करावा. जीएसटीचा हिशोब राज्याराज्यांत होतोच की. नागरिकाला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर कशाला पळवायचं? (अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर इथे जायला परवाना लागतो, तो मी यात धरत नाही. लहान जमातींची जमीन राखण्याचा तो प्रश्न निराळा आहे.)

तेव्हा माझी मागणी फार मोठी नाही. 'बीएच' नंबर मागेल त्या प्रत्येक भारतीयाला मिळावा. कलम ४६ मध्ये लिहिलेलं शब्दशः पाळावं. आणि तोवर निदान आपण, तुम्ही आणि मी, दुसऱ्याच्या गाडीचा नंबर वाचून तोंड वाकडं करणं सोडावं. याला कायदा लागत नाही, खर्चही नाही.

युरोपच्या लोकांनी आपापसात विश्वास ठेवायला शिकून तीस वर्षं झाली आणि तरी त्यांना तो दर संकटात टिकवता आला नाही. आपल्याला तो १९४८ साली एका सहीत मिळाला, म्हणून आपल्याला त्याची किंमत नाही. पुन्हा कोणी माझ्यासमोर 'तिकडे बॉर्डरच नाहीत' म्हणेल, तर मी दोनच प्रश्न विचारणार आहे. तिकडे जायला आईच्या बोटांचे ठसे किती वेळा घेतले? आणि इकडे केए नंबरची गाडी दारात उभी राहिली तेव्हा पाणी विचारलंत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर हद्द कमी करण्याचं काम तुम्ही घरूनच सुरू केलंय असं मी समजेन. माझं चुकत असेल तर जरूर लिहा. मास्तर आहे, वाद घालायची सवय अजून गेलेली नाही.